एकट्या देशाचें व्रत

सामायिक विहिरींतला गाळ कोणीं काढावयाचा, हा प्रश्न आपल्या खेड्यांना नवा नाहीं. पाणी सर्वांचें, पण श्रम मात्र काढणाराचे. म्हणून जो तो दुसऱ्याची वाट पाहतो, आणि गाळ तसाच राहतो. आज हाच प्रश्न राष्ट्रांपुढें उभा आहे. फरक इतकाच कीं विहिरीच्या जागीं पृथ्वीभोंवतींचें वातावरण आहे. कोळसा, तेल व नैसर्गिक वायु जाळल्यानें जो कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि ज्याला ह्या लेखांत सोयीसाठीं कर्बवायु म्हटलें आहे, तो कोणत्याहि देशाची सरहद्द ओळखीत नाहीं. तो बर्लिनमध्यें निघो कीं मुंबईंत निघो, तापमान वाढतें तें साऱ्या जगाचें. मग एकाद्या देशानें एकट्यानेंच आपला धूर कमी करण्याचें व्रत घेतलें, तर खर्च सगळा त्याचा, आणि लाभाचा त्याच्या वांट्याला येणारा अंश मात्र अगदीं अल्प. असें व्रत घेणाऱ्या देशाला शहाणा म्हणावें कीं भोळा म्हणावें?

भोळा म्हणावें, असें निःशंकपणें सांगणारा एक विद्वत्तापूर्ण ग्रंथ जर्मनींत २००८ सालीं निघाला. त्याचें नांव ‘हरित विरोधाभास’, आणि कर्ते प्रो. हान्स-वेर्नर झिन. म्यूनिक येथील ईफो ह्या अर्थशास्त्रीय संशोधनसंस्थेचे ते १९९९ पासून २०१६ पर्यंत अध्यक्ष होते. ग्रंथाची इंग्रजी आवृत्ति २०१२ सालीं अमेरिकेंत प्रसिद्ध झाली, व तीच आमच्यापुढें आहे. इतक्या वर्षांनंतर हें परीक्षण कशासाठीं, असें कोणी विचारील. त्याला उत्तर असें कीं, जो ग्रंथ पुढें काय घडेल हें सांगतो, त्याचा न्याय तो छापला त्या सालीं होऊं शकत नाहीं; मध्यें कांहीं काळ जावा लागतो. तो आतां गेला आहे. शिवाय ह्या ग्रंथांतील युक्तिवाद, ज्यांनीं तो ग्रंथ पाहिलाहि नाहीं अशांच्या तोंडीं आज सर्रास ऐकूं येतो. ‘आम्ही एकट्यानें करून काय होणार?’ हें वाक्य आपल्याकडील दिवाणखान्यांतहि नवें नाहीं. तेव्हां त्या वाक्याचें सर्वांत समर्थ रूप जेथें आढळतें, तेथेंच त्याची परीक्षा करणें बरें.

झिन ह्यांचा मुख्य आक्षेप असा आहे. हवामानाची चिंता वाहणारे सर्वजण मागणीकडेच पाहतात, पुरवठ्याकडे कोणी पाहत नाहीं. जर्मन गृहस्थानें घराच्या भिंतींना ऊब धरणारें अस्तर दिलें, मोटार कमी चालविली, गांवाबाहेर पवनचक्की उभारली, म्हणजे तो तेल व वायु कमी विकत घेतो हें खरें. पण जें तेल त्यानें घेतलें नाहीं तें जमिनींतच राहिलें, असें कशावरून? तेलाच्या धन्यानें पूर्वीइतकेंच तेल उपसलें, तर बाजारांत त्याचा भाव उतरेल, आणि उतरलेल्या भावाचा फायदा घेऊन तेंच तेल दुसरा देश जाळील. म्हणजे जर्मनाच्या काटकसरीनें जगाचा धूर कमी झाला नाहीं. फक्त धुराडें बदललें.

एवढ्यावर ग्रंथकार थांबत नाहींत. हॅरोल्ड होटेलिंग ह्या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञानें १९३१ सालीं संपुष्टांत येणाऱ्या खनिजांविषयीं जो सिद्धान्त मांडला, त्याचा आधार घेऊन ते एक पाऊल पुढें जातात. खनिजाचा धनी नेहमीं एक हिशेब करीत असतो: माल जमिनींत ठेवला तर पुढें त्याची किंमत किती वाढेल, आणि आज विकून पैसा व्याजीं लावला तर किती मिळेल? आतां दरवर्षीं कायदे अधिकाधिक कडक होत जाणार आणि पुढें आपल्या मालाला गिऱ्हाईक उरणार नाहीं, अशी त्याची खात्री पटली, तर तो काय करील? शक्य तितकें तेल आजच उपसून विकील. धूर कमी व्हावा म्हणून केलेले कायदेच धुराची घाई करतात! हाच तो हरित विरोधाभास.

तिसरा आक्षेप युरोपच्या घरांतलाच आहे. २००५ पासून युरोपीय संघांत वीजकेंद्रें व मोठे कारखाने ह्यांनीं किती कर्बवायु सोडावा ह्याची एकंदर मर्यादा ठरविलेली असून, तेवढे परवाने बाजारांत विकले जातात. एकूण परवाने ठरलेले असतां जर्मनीनें पवनचक्क्यांची वीज वापरून आपले कांहीं परवाने शिल्लक टाकले, तर ते स्वस्त होऊन दुसऱ्या एकाद्या देशांतील कोळशाचें वीजकेंद्र ते विकत घेणार. पाण्यानें भरलेली पखाल एका अंगानें दाबली कीं दुसऱ्या अंगानें फुगते, पाणी कांहीं कमी होत नाहीं. झिन ह्यांच्या मतें जर्मनीच्या पवनचक्क्यांनीं युरोपचा कर्बवायु ह्याच कारणानें कमी केला नाहीं.

ह्या युक्तिवादाचा कस मान्य केलाच पाहिजे. सदिच्छा आणि परिणाम ह्यांत अंतर असतें, ही गोष्ट अर्थशास्त्रानें लोकांना पुनःपुन्हां सांगावयाची असते, आणि झिन ह्यांनीं ती निर्भीडपणें सांगितली आहे. धान्यापासून मोटारीचें इंधन करण्याच्या खटाटोपानें गरिबाच्या ताटांतला घांस कसा महाग होतो, ह्याचें त्यांनीं केलेलें विवेचन आजहि वाचनीय आहे. लोखंड, सिमेंट, खतें ह्यांसारख्या मालाच्या बाबतींत तर त्यांची भीति अगदीं यथार्थ ठरते. एका देशानें कर बसविला आणि शेजाऱ्यानें बसविला नाहीं, तर कारखाना सरहद्द ओलांडून जाऊं शकतो. मग धूर तेवढाच राहतो आणि मजुरांची रोजी मात्र जाते. स्वीडननें १९९१ सालीं कर्बवायूवर कर बसविला. पण परदेशाशीं स्पर्धा करणाऱ्या उद्योगांना लवकरच त्यांत मोठी सूट द्यावी लागली, व ती नाहींशी होण्यास २०१८ साल उजाडलें. एकट्यानें चालणाराला किती जपून पावलें टाकावीं लागतात, ह्याचा हा पुरावाच आहे.

तथापि, दोष दिसतो तो असा कीं ग्रंथकारांनीं एका मालाचें शास्त्र सर्व मालांना लावलें आहे. होटेलिंगचा हिशेब तेलाच्या कांहीं विहिरींना चांगला लागू पडतो. तेथें उपसण्याचा खर्च थोडा आणि विक्रीची किंमत मोठी. मधला नफा धन्याच्या खिशांत. भाव निम्मा झाला तरी त्याला विकणें परवडतें. कोळशाची गोष्ट निराळी. पृथ्वीच्या पोटांत कोळसा इतका आहे कीं तो दुर्मिळ म्हणून महाग आहे असें म्हणतां येत नाहीं. त्याच्या किंमतीचा मोठा भाग म्हणजे खोदाई, धुलाई आणि वाहतूक ह्यांचा खर्च. ह्या खर्चाच्या खालीं भाव गेला, तर तो कोळसा स्वस्तांत विकला जात नाहीं. तो जमिनींतच राहतो. आणि कर्बवायूचा सर्वांत मोठा धनी तेल नसून कोळसाच आहे. उद्यां बाजार मिळणार नाहीं असें कळल्यावर खाणवाला आज चार टोपल्या अधिक खोदील हेंहि खरें धरूं. पण तोच खाणवाला नवी खाण उघडण्यासाठीं तीस-चाळीस वर्षांच्या भरंवशावर भांडवल घालील काय? घाईची भीति जितकी खरी, तितकीच ही धास्तीहि खरी आहे. ग्रंथांत मात्र पहिलीला प्रकरणें मिळालीं आहेत आणि दुसरीच्या वांट्याला फारसें कांहीं आलेलें नाहीं.

गळती किती होते, ह्याचेहि अंदाज झालेले आहेत. हवामानविषयक आंतरराष्ट्रीय शास्त्रमंडळाच्या २००७ च्या अहवालांत, क्योटो कराराखालील देशांनीं जो कर्बवायु वांचविला असता, त्यांतील ५ ते २० टक्के इतर देशांत पुन्हां बाहेर पडला असता, असा बहुतेक गणितांचा निष्कर्ष नमूद आहे. आणि धूर न करणारीं स्वस्त साधनें इतरत्र पसरल्यास हा आंकडा आणखी उतरेल, असेंहि तेथेंच म्हटलें आहे. पांचवा हिस्सा गळणें वाईटच. परंतु पांचवा हिस्सा गळणारी घागर आणि बूड नसलेली घागर ह्यांत पुष्कळ अंतर आहे.

ग्रंथाचा सर्वांत मोठा कच्चा दुवा ह्या ‘स्वस्त साधनें’ शब्दांतच आहे. झिन ह्यांच्या हिशेबांत रोगाची किंमत बदलते, परंतु औषधाची किंमत जवळजवळ स्थिर धरलेली आहे. प्रत्यक्षांत काय घडलें तें पाहावें. जर्मनीनें २००० सालीं कायदा करून, सूर्यप्रकाशापासून वीज करणाराला दर युनिटामागें ९९ फेनिग, म्हणजे सुमारें ५१ युरो-सेंट, वीस वर्षें देण्याची हमी दिली. हा दर त्या वेळच्या साध्या विजेच्या दराच्या कित्येक पट होता. बरें, देश तरी कोणता? ज्याच्या आकाशांत वर्षांतले कित्येक महिने ढगांचें राज्य असतें असा! अर्थशास्त्रज्ञांना ह्यांत वेडेपणा दिसला तर नवल नाहीं. पण ही हमी मिळतांच गिऱ्हाईक निर्माण झालें. २०१० च्या सुमारास साऱ्या जगांतील सौर पत्र्यांपैकीं सुमारें दोन पंचमांश एकट्या जर्मनींत बसविलेले होते. गिऱ्हाईक आहे असें पाहून कारखाने निघाले, बहुतेक चीनमध्यें. कारखाने वाढतां वाढतां हात सरावले, चुका सुधारल्या, आणि त्यापुढील दहा वर्षांत ह्या पत्र्यांची किंमत सुमारें नऊ दशांशांनीं उतरली.

ह्याचा प्रत्यय आपल्या देशांतहि आला आहे. २०१० च्या अखेरीस आपल्या राष्ट्रीय सौर योजनेच्या पहिल्या लिलावांत युनिटाचा भाव सुमारें १२ रुपये होता. मे २०१७ मध्यें राजस्थानांतील भडला येथील लिलावांत तोच २ रुपये ४४ पैशांवर आला. कोळशाच्या विजेच्या सरासरी दराहूनहि हा भाव कमी होता. रात्रीं सूर्य नसतो ही अडचण ह्यानें सुटत नाहीं. तरी दिवसाच्या विजेचा हिशेब पालटला तो कायमचा. ह्या स्वस्ताईचें सगळें श्रेय जर्मनीला देणें अन्यायाचें होईल. आधुनिक सौर घट अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत १९५४ सालीं तयार झाला, जपाननें जर्मनीच्या ह्या कायद्याच्या आधींच घरांच्या छपरांवर तो बसविण्यास उत्तेजन दिलें, आणि शेवटचें व सर्वांत मोठें काम चिनी कारखानदारांनीं केलें. पण महाग माल महाग असतांनाच कोणीतरी मोठ्या प्रमाणावर विकत घ्यावा लागतो, तेव्हांच तो स्वस्त होतो. आणि ती महाग खरेदी मुख्यतः जर्मनीनें केली. जगाच्या वार्षिक कर्बवायूंत जर्मनीचा वांटा सुमारें दोन टक्के. तिनें स्वतःचा किती धूर वांचविला एवढेंच मोजलें, तर तिचें व्रत हास्यास्पद ठरतें. तिनें इतरांसाठीं औषध किती स्वस्त केलें हें मोजलें, म्हणजे तें हास्यास्पद राहत नाहीं.

पखालीची गोष्टहि पुढें तशीच राहिली नाहीं. शिल्लक परवाने बाजारांतून काढून राखीव ठेवण्याची व्यवस्था युरोपीय संघानें २०१९ पासून अंमलांत आणली, व २०२३ पासून ठराविक मर्यादेवरचे राखीव परवाने रद्द होऊं लागले. म्हणजे जो दोष झिन ह्यांना अटळ वाटला, तो नियमांतला दोष होता आणि नियम बदलून तो पुष्कळसा कमी करतां आला. अशा सुधारणेला टीकाकारांचा उपयोग होतोच, व त्या टीकाकारांत झिन ह्यांचें स्थान वरचें आहे, हेंहि येथें सांगितलें पाहिजे.

झिन ह्यांचा स्वतःचा उपाय असा कीं, खरेदी करणाऱ्या सर्व देशांनीं एकत्र यावें, साऱ्या जगासाठीं एकच मर्यादा ठरवावी, आणि तेलाच्या धन्यांनीं जगभर गुंतविलेल्या पैशाच्या उत्पन्नावर कर बसवावा. उपाय तर्कशुद्ध आहे. पण हे सर्व देश एकत्र येणार कसे? ओझोन वायूच्या थराचा इतिहास येथें आठवावा. फवारणीच्या डब्यांत व शीतपेट्यांत वापरला जाणारा क्लोरोफ्लुओरोकार्बन हा वायु त्या थराला घातक आहे, असें मोलिना व रोलंड ह्या शास्त्रज्ञांनीं १९७४ सालीं सांगितलें. १९७८ च्या सुमारास अमेरिका, स्वीडन, कॅनडा व नॉर्वे ह्यांनीं, इतर देश काय करतात ह्याची वाट न पाहतां, फवारणीच्या डब्यांत त्याचा वापर बंद करण्याचें ठरविलें. अंटार्क्टिकावरील ओझोनचा ऱ्हास ब्रिटिश शास्त्रज्ञांनीं जगाला दाखविला तो १९८५ सालीं, आणि माँट्रिअलचा करार झाला तो १६ सप्टेंबर १९८७ रोजीं. मधल्या काळांत दोन गोष्टी घडल्या. डब्यांचें काम दुसऱ्या साधनांनीं भागतें हें सिद्ध झालें. आणि ज्या अमेरिकन कारखानदारांनीं घरीं बंधन पत्करलें होतें, त्यांनाच तें परदेशी प्रतिस्पर्ध्यांवरहि असावें असें वाटूं लागलें. करारांत न येणाऱ्या देशांशीं त्या वायूचा व्यापार बंद ठेवण्याचें कलम होतें, आणि १९९० सालीं लंडन येथें गरीब देशांसाठीं मदतनिधीहि ठरला. तेव्हां कोठें भारतासारखे देश १९९२ सालीं आंत आले. हा वायु करणारे कारखाने जगांत थोडे होते, कर्बवायु तर प्रत्येक चुलीशीं व चाकाशीं बांधलेला आहे. म्हणून दोन्ही प्रकरणें सारखीं नव्हेत. तरी एवढें खास कीं, ज्या एकजुटीवर झिन ह्यांची भिस्त आहे, ती आधीं कोणी एकटें चालल्यावांचून तेथें उभी राहिली नाहीं.

येथवर आम्ही व्रतस्थाची बाजू घेतली. आतां त्याचे दोष. एकट्या चालणाऱ्या देशाचें मोल दुसरे त्याच्यामागून येतात ह्यांत असेल, तर त्याचें चालणें अनुकरणीय असलें पाहिजे. जर्मनीनें आपलीं शेवटचीं तीन अणुवीजकेंद्रें १५ एप्रिल २०२३ रोजीं बंद केलीं, आणि कोळशाला मात्र २०३८ पर्यंतची मुदत दिली. कर्बवायूची ज्याला चिंता, त्यानें हा क्रम उलटा लावावयास हवा होता, ही झिन ह्यांची टीका आम्हांस सर्वस्वीं मान्य आहे. तसेंच स्वस्त सौर विजेनें कोळसा हटला, असेंहि अद्याप म्हणतां येत नाहीं. २०२४ सालीं जगानें पूर्वीच्या कोणत्याहि सालापेक्षां अधिक कोळसा जाळला. औषध स्वस्त झालें, पण रोगी अजून पथ्य पाळीत नाहीं.

दुसरा दोष अधिक खोल आहे. महाग खरेदीचा बोजा कोणावर पडला? विजेच्या प्रत्येक युनिटावर एक पट्टी बसविण्यांत आली. ती वाढत वाढत २०१७ सालीं ६.८८ सेंटांवर गेली. वर्षाला ३५०० युनिट वापरणाऱ्या कुटुंबाला ही पट्टी सुमारें २४० युरो पडली. पुष्कळ वीज खाणाऱ्या मोठ्या कारखान्यांना तींतून बरीचशी सूट होती, आणि ज्याच्या मालकीचें घर त्याच्याच छपरावर पत्रे बसत असल्यामुळें हमीचा पैसा त्याला मिळे; भाड्याच्या खोलींत राहणारा मात्र नुसता देत राही. जुलै २०२२ पासून ही पट्टी बंद झाली, पण तोंवर दोन दशकें गेलीं होतीं. श्रावणांतल्या सोमवारची खुलभर दुधाची कहाणी आपल्या घरोघर वाचली जाते. राजाच्या हुकुमानें साऱ्या नगरानें मुलांच्या तोंडचें व वासरांच्या वांट्याचें दूध नेऊन महादेवाच्या गाभाऱ्यांत ओतलें, तरी गाभारा भरला नाहीं; आणि मुलांना, वासरांना पाजून उरलेलें खुलभर दूध घेऊन एक म्हातारी आली, तेव्हां तो भरला. एकट्याच्या वांट्याला अर्थ आहे, असें ती कहाणी सांगतेच. पण तो वांटा कोणाच्या तोंडचा काढून आणला आहे, हेंहि ती विचारते. जर्मनीच्या व्रताला हा दुसरा प्रश्न नीट सोडवितां आला नाहीं.

आणि तोच प्रश्न आतां देशादेशांमध्यें उभा राहिला आहे. गळती थांबविण्यासाठीं युरोपीय संघानें बाहेरून येणारें लोखंड, पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतें वगैरे मालावर त्यांतील कर्बवायूच्या मानानें आकार घेण्याचें ठरविलें. १ ऑक्टोबर २०२३ पासून त्याची नोंदणी सुरू झाली, व प्रत्यक्ष आकारासाठीं १ जानेवारी २०२६ ही तारीख नेमली. झिन ह्यांच्या आक्षेपाला हें सरळ उत्तर आहे. परंतु ह्या उत्तरांत व्रत संपून जुलूम सुरू होण्याचा धोका आहे. दरडोई हिशेब केला तर भारतीय माणूस जगाच्या सरासरीच्या निम्म्याहून कमी कर्बवायु सोडतो, आणि आज हवेंत साचलेल्या वायूचा मोठा भाग ज्यांनीं आधीं घातला, तेच देश आतां जकातनाक्यावर उभे आहेत. १९९२ च्या रिओ परिषदेंत जबाबदारी सर्वांची, पण प्रत्येकाची वेगवेगळी, हें तत्त्व मान्य झालें होतें. भारत सरकारनें ह्या आकाराला घेतलेली हरकत त्या तत्त्वाला धरून आहे. मिळणारा पैसा गरीब देशांतील कारखाने सुधारण्याकडे वळविला, तर हा आकार माँट्रिअलच्या वाटेनें जाईल. युरोपच्या तिजोरींतच राहिला, तर तो नुसती जकात ठरेल.

एकंदरींत, प्रो. झिन ह्यांचा ग्रंथ शिकणाऱ्यानें अवश्य वाचावा. त्याची भाषा स्वच्छ आहे, भीड कोणाचीहि नाहीं, आणि चुकीची वाट कोणती हें तो उत्तम दाखवितो. पण ‘एकट्यानें करून काय होणार?’ ह्या प्रश्नाला त्यानें दिलेलें ‘कांहीं नाहीं’ हें उत्तर मागच्या अनुभवानें टिकत नाहीं. एकट्यानें केल्यानें औषध स्वस्त होत असेल, किंवा दुसऱ्याला सामील होणें सोपें जात असेल, तर तें करावें. नुसता कारखाना शेजाऱ्याच्या अंगणांत जात असेल, तर तें करण्यांत पुण्य नाहीं. आणि करावयाचें तें ज्याच्या घरीं दूध अधिक आहे त्यानें आधीं करावें. हा विवेक राखला, तर आपल्यासारख्या देशालाहि आपला वांटा लहान आहे ही सबब पुढें करण्याचें कारण उरत नाहीं. स्वस्त झालेलें औषध आपल्या दारांत आलेलें आहे, आणि त्याची किंमत बव्हंशीं दुसऱ्यानें आधींच भरली आहे.